कथाप्रधान भूमिकाखेळांतील पात्रवेश

कथेच्या ओघात खेळाडूने एखाद्या पात्राची भूमिका घ्यावयाची आणि त्या पात्राचे निर्णय स्वतः करावयाचे, अशा खेळांना भूमिकाखेळ म्हणतात. या खेळांतील पात्राची वस्त्रे, चिलखत, अलंकार व रंगभूषा यांचा समावेश पात्रवेशात होतो. संगणकावरील भूमिकाखेळांत हा वेश पुष्कळदा खेळाडू ठरवितो. कथा व संवाद मात्र लेखकाने आधीच रचलेले असतात. त्यामुळे लेखकाचा अधिकार आणि खेळाडूचे निर्णयस्वातंत्र्य यांची सीमारेषा पात्रवेशात विशेष स्पष्टपणे दिसून येते.

वेश आणि सामाजिक स्थान : वेशावरून माणसाचे स्थान ओळखले जाते, ही गोष्ट खेळापुरती मर्यादित नाही. जातिव्यवस्थेत वस्त्र नेसण्याची पद्धत आणि दागिन्यांचा प्रकार ही दर्जाची सक्तीची खूण होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यतेची ओळख पटविणारी लुगडे नेसण्याची रीत व तसे दागिने सोडून देण्याचे आवाहन स्त्रियांना केले आणि तेथील स्त्रियांनी ते तत्काळ अमलात आणले. २५ डिसेंबर १९५४ रोजी आंबेडकरांनी देहूरोड (जि. पुणे) येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेसाठी जमलेला समुदाय शुभ्र वस्त्रांत आला होता आणि देहूरोडच्या धम्मभूमीवर येणाऱ्या उपासकांच्या अंगावरही शुभ्र वेश दिसतो. लादलेला वेश टाकणे व नवा वेश स्वतः निवडणे म्हणजे आपली भूमिका स्वतः ठरविणे होय, हे या घटनांवरून स्पष्ट होते. खेळातील निवडीची या निवडीशी बरोबरी होऊ शकत नाही. तथापि वेशाच्या निवडीला महत्त्व का येते, हे समजण्यास त्यांचे साहाय्य होते.

मराठी रंगभूमीवरील पूर्वपरंपरा : भूमिका, वेश व स्वातंत्र्य यांचा परस्परसंबंध महाराष्ट्राच्या प्रयोगपरंपरेत फार पूर्वीपासून आढळतो. दक्षिण कोकण व गोमंतक या भागांतील दशावतारी खेळात गणपती, सरस्वती, संकासुर इ. पात्रांचे वेश परंपरेने ठरलेले असतात. पुढील आख्यानातही राजा, राक्षस, नारद, स्त्रीपात्र यांना प्रेक्षक वेशावरूनच ओळखतात. संवाद मात्र लिहिलेले नसतात. प्रयोगापूर्वी कथानकाची रूपरेषा सांगितली जाते आणि नट आपले भाषण रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. येथे वेश ठरलेला, पण शब्द मोकळा असतो.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवराचा प्रयोग केला, तेव्हाही पद्ये सूत्रधाराची व गद्य भाषणे नटांची स्वतःची असत. पुढे लिखित नाटके आली. किर्लोस्करांच्या शाकुंतलाच्या (१८८०) काळापर्यंत शब्द नाटककाराच्या हाती गेला आणि नटाच्या वैशिष्ट्याला गायन, अभिनय व वेश ही क्षेत्रे उरली. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकांत वापरलेल्या साड्यांचे, अलंकारांचे व केशरचनेचे अनुकरण तत्कालीन सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. शब्द जसजसा बांधला गेला, तसतसे वेशाला महत्त्व आले, असे या इतिहासावरून म्हणता येते. संगणकीय खेळांतही पुढे हेच घडले.

संगणकीय खेळांतील विकास : आधुनिक भूमिकाखेळांचा आरंभ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या बैठ्या खेळाने झाला. त्यात खेळाडू तोंडी वर्णन करीत असल्याने शब्दांवर बंधन नव्हते. चिलखत मात्र संरक्षणदर्शक आकड्याच्या रूपात नोंदविले जाई. संगणकाने हा आकडा सहज उचलला. परंतु उत्स्फूर्त संवाद त्याला पेलणारे नव्हते. पात्राला काय बोलता येईल ते आधी लिहून ठेवणे आणि पुढील काळात ते ध्वनिमुद्रित करणे आवश्यक झाले. परिणामी दशावतारातील व्यवस्था येथे उलटी झाली : शब्द ठरलेला आणि वेश मोकळा.

‘बाल्डर्स गेट’ (१९९८) या खेळात पात्राच्या वस्त्रांचे रंग निवडण्याची सोय होती. याउलट ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९) मध्ये नायकाला चिलखत घालताच येत नाही. व्रणांनी भरलेले त्याचे शरीर हाच कथेचा विषय असल्याने चिलखताऐवजी त्याला गोंदण्यांचा उपयोग करावा लागतो. खेळाडूचे स्वातंत्र्य येथे कमी केले आहे. तथापि त्या मर्यादेला कथेचे कारण आहे.

सहचर पात्रांच्या वेशाविषयीचा वाद याच मुद्द्यावर उभा राहिला. ‘मास इफेक्ट’ (२००७) मध्ये सहचरांची चिलखते खेळाडूला बदलता येत. त्याच्या दुसऱ्या भागात (२०१०) त्यांचे वेश निर्मात्यांनीच ठरवून दिले. ‘ड्रॅगन एज’च्या दुसऱ्या भागातही (२०११) बव्हंशी तसेच झाले. हा आपल्या अधिकाराचा संकोच आहे, असा आक्षेप खेळाडूंकडून घेण्यात आला. दुसरी बाजूही विचारात घेण्यासारखी आहे. ज्या पात्राला स्वतःची मते व पूर्वायुष्य आहे, त्याने कोणते कपडे घालावेत हे दुसऱ्याने का ठरवावे? सहचराचा वेश स्थिर ठेवल्याने खेळाडूची सत्ता कमी होते, पण ते पात्र बाहुले न राहता व्यक्ती बनते.

आकडा व रूप यांतील विसंगती ही दुसरी अडचण होय. सर्वाधिक संरक्षण देणारे कपडे पात्राला शोभतीलच असे नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०११ मध्ये एका वस्त्राचे गुण कायम ठेवून त्याला दुसऱ्याचे रूप देण्याची सोय केली. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) या खेळातही २०२२ मध्ये अशी सोय करण्यात आली. त्यामुळे निवड पूर्णपणे मोकळी झाली. मात्र तिचा परिणामही नाहीसा झाला. कोणताही वेश घेतला तरी खेळातील जग तसेच राहते.

वेशाची दखल घेणारे खेळ वेगळा मार्ग दाखवितात. ‘फॉलआउट : न्यू वेगस’ (२०१०) मध्ये एखाद्या गटाचा गणवेश घातल्यास त्या गटाचे लोक आपला समजतात व त्याचे शत्रू हल्ला करतात. चौदाशे तीन सालच्या बोहीमियात घडणाऱ्या ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८) या चेक खेळात मळलेल्या किंवा रक्ताने माखलेल्या कपड्यांचा परिणाम लोकांच्या वागण्यावर होतो; उंची वेश असल्यास बोलण्याला वजन येते. ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) मध्ये प्रत्येक कपडा नायकाच्या मनोवृत्तींपैकी काहींना बळ देतो, तर काहींना दुर्बळ करतो.

महाराष्ट्रातील निर्मिती : पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ या संदर्भात लक्षणीय आहे. तो काटेकोर अर्थाने भूमिकाखेळ नसून कथाप्रधान साहसखेळ आहे. असुरांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघालेली राजी ही त्याची नायिका. पहाडी चित्रशैली व राजस्थानी वास्तुशिल्प यांचा उपयोग त्यात केला असून काही कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपात मांडले आहेत. राजीचा भारतीय वेश निर्मात्यांनी ठरविलेला असून तो बदलण्यावर खेळाची मांडणी आधारलेली नाही. वेश व शब्द दोन्ही लेखकाचे आहेत. मात्र परदेशी खेळांत बहुधा नवलाईची वस्तू म्हणून येणारा भारतीय पोशाख येथे नायिकेचा स्वाभाविक वेश म्हणून येतो, हे त्याचे महत्त्व होय.

मूल्यमापन : कपड्यांच्या संख्येवरून खेळाडूचे स्वातंत्र्य मोजता येत नाही. शेकडो वेश उपलब्ध असूनही कथेतील एकाही पात्राला त्यांची जाणीव नसेल, तर ती निवड केवळ शोभेची ठरते. महाड येथील वेशबदलाला अर्थ आला, तो भोवतालच्या समाजाला त्याकडे दुर्लक्ष करता येणे शक्य नव्हते म्हणून. दशावतारी राजाचा मुकुट ठरलेला असतो. परंतु समोरचा नट त्या मुकुटाला व त्याखालून आलेल्या शब्दाला त्याच क्षणी उत्तर देतो. कथाप्रधान खेळांत वेशाला असे उत्तर मिळावयाचे, तर लेखकाला प्रत्येक निवडीसाठी वेगळे संवाद व प्रसंग रचावे लागतात. त्याचा खर्च व श्रम मोठे असल्यानेच बहुतेक खेळ वेश मोकळा सोडतात, पण त्याची दखल घेत नाहीत.