नवा बॉयलर, थंड रेडिएटर

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि त्याच सुमारास घरोघरी 'सेंट्रल हीटिंग' सुरू होते. जुना बॉयलर कुरकुर करू लागतो तोही याच दिवसांत. मग घाईघाईने नवा बसवून घेतला जातो, बरीच मोठी रक्कम मोजली जाते आणि तंत्रज्ञ निघून गेल्यावर लक्षात येते की, दिवाणखाना उबदार आहे, पण वरच्या मजल्यावरील लहान खोलीतील रेडिएटर थंडच आहे. लंडन, स्लाव किंवा लेस्टरमध्ये संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांना आणि हिवाळ्यात त्यांच्याकडे राहायला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आई-वडिलांना हा अनुभव नवा नाही. बहुतेक वेळा दोष नव्या यंत्रात नसतो. तो जुन्या नळांत, झडपांत किंवा त्यांतून फिरणाऱ्या पाण्यात असतो.

गीझरची सवय असलेल्या वाचकांनी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. रेडिएटरमधील पाणी नळाला येत नाही. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या साह्याने एका नळाने सर्व रेडिएटरांकडे जाते, उष्णता देऊन दुसऱ्या नळाने परत येते आणि पुन्हा तापते. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. प्रत्येक रेडिएटरला दोन टोकांना दोन झडपा असतात: एक आकडे असलेली, खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघडझाप करणारी आणि दुसरी टोपीखाली झाकलेली, तंत्रज्ञाने एकदा जुळवून ठेवलेली. या दुसऱ्या झडपेकडे सहसा कोणी पाहत नाही. गोंधळाचे मूळ मात्र अनेकदा तेथेच असते.

रेडिएटर खरोखर थंड आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जुने बॉयलर साधारण ८० अंश सेल्सिअसचे पाणी सोडत; रेडिएटरला हात टेकवणे अशक्य होई. एप्रिल २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा गॅस बॉयलर बसवताना तो, काही अपवाद वगळता, 'कंडेन्सिंग' प्रकारचाच असावा लागतो. धुरातून बाहेर जाणाऱ्या वाफेचे पाणी करून तिच्यातील उष्णताही हा बॉयलर वापरतो. पण त्यासाठी परत येणारे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असावे लागते. म्हणून जाणता तंत्रज्ञ बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवतो. जुन्या रेडिएटरच्या चटक्याची सवय झालेल्या हाताला हा रेडिएटर कोमट वाटतो आणि तक्रार सुरू होते.

त्यामुळे निर्णय तळहातावर नव्हे, तर खोलीतील तापमापकावर सोपवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातील तापमान किमान १८ अंश असावे असे सुचवले आहे. वृद्ध आणि लहान मुले असतील तर त्याहून थोडे अधिक. काही तासांत खोली तेवढी तापत असेल, तर बिघाड नाही. कडाक्याच्या दिवशी ती तापत नसेल, तर पाण्याचे तापमान पाच-दहा अंशांनी वाढवून पाहावे. गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या घरांत मात्र एक पथ्य आहे. टाकीतील पाणी ६० अंशांपर्यंत तापलेच पाहिजे, अन्यथा त्यात लिजिओनेला जिवाणू वाढण्याचा धोका असतो. बचतीसाठी बॉयलरचे तापमान अंदाधुंद उतरवणे अशा घरांत योग्य नव्हे.

सगळेच रेडिएटर थंड असतील, तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. भिंतीवरील थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानापेक्षा वर ठेवला आहे का, वेळापत्रकात हीटिंगची वेळ लावली आहे का, बिनतारी थर्मोस्टॅट बॉयलरशी जोडला गेला आहे का? त्यानंतर दाबमापक. यंत्रणा थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. तो १ च्या खूप खाली असेल, तर बॉयलरखालील भरणनळीची झडप हळूहळू उघडून पाणी भरावे आणि काटा जागेवर येताच ती घट्ट बंद करावी. ३ बारला सुरक्षाझडप उघडून पाणी घराबाहेर सांडू लागते, म्हणून येथे उतावीळपणा नको. दाब दर आठवड्याला उतरत असेल, तर मात्र गळती शोधली पाहिजे. पूर्वी माळ्यावरच्या छोट्या टाकीतून पाणी घेणारी उघडी यंत्रणा नव्या बॉयलरबरोबर बंदिस्त केली जाते, तेव्हा तिच्यातील दाब वाढतो आणि इतकी वर्षे गप्प बसलेले जुने सांधे पाझरू लागतात.

नळाला गरम पाणी येते, पण एकही रेडिएटर तापत नाही, अशा वेळी टाकी नसलेल्या 'कॉम्बी' बॉयलरमध्ये संशय आतल्या दिशाबदल झडपेवर जातो. टाकी असलेल्या घरात तेच काम विजेवर चालणारी झडप करते. ही दुरुस्ती तंत्रज्ञाचीच.

हवा, खिळ आणि गाळ

नवा बॉयलर बसवताना यंत्रणा रिकामी करून पुन्हा भरली जाते, हवा अडकणारच. रेडिएटर वरच्या बाजूला थंड आणि खाली गरम, हे तिचे लक्षण. हीटिंग बंद करून, रेडिएटर निवल्यावर, कोपऱ्यातील छोटा स्क्रू चावीने पाव वळसा सैल करावा. खाली फडके धरावे. सुस्कारा संपून पाणी येऊ लागले की स्क्रू बंद करावा. तळमजल्यापासून सुरुवात करून वर जावे आणि शेवटी दाब पुन्हा पाहावा. जवळ काडी किंवा मेणबत्ती मुळीच नको, कारण लोखंड गंजताना निर्माण होणारा हायड्रोजन त्या 'हवे'त असू शकतो. दर थोड्या दिवसांनी हवा काढावी लागत असेल, तर आत गंज चढतो आहे किंवा कोठून तरी हवा ओढली जाते आहे, असे समजावे.

एखादाच रेडिएटर पूर्ण थंड, पण त्याच्याकडे येणारा नळ गरम, असे असेल तर आकड्यांच्या झडपेतील खिळ अडकलेली असण्याची शक्यता मोठी. उन्हाळाभर बंद राहिलेल्या झडपांत हे हमखास घडते. वरची मूठ सोडवली की मधोमध बारीक खिळ दिसते. बोथट वस्तूने हलकेच दाबल्यावर ती उसळून वर आली पाहिजे. पक्कडीने उपटू नये, खिळ हातात आणि पाणी गालिचावर असा प्रकार होतो. दुसऱ्या टोकाची टोपीखालील झडपही पाहावी. काम करताना ती बंद केली गेली आणि उघडायची राहून गेली, असेही होते.

याउलट रेडिएटर वर गरम आणि खाली, विशेषतः मध्यभागी, थंड असेल, तर कारण गंभीर आहे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगाने मॅग्नेटाइटचा काळा, चिकट गाळ तयार होतो आणि तळाशी साचतो. जुन्या मंद प्रवाहात तो जागचा हलत नव्हता. नव्या पंपाने तो ढवळला जातो आणि अरुंद जागी जाऊन बसतो. १९७० च्या दशकात अनेक घरांत ८ ते १० मिलिमीटरचे बारीक नळ टाकले गेले. त्यांच्यात तर तो सहज तुंबतो. हाच गाळ नव्या बॉयलरच्या उष्णताविनिमयकात शिरला, तर हजारो पौंडांचे यंत्र दोन-चार हिवाळ्यांतच निकामी होऊ शकते. म्हणूनच 'बीएस ७५९३' या ब्रिटिश मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत यंत्रणा धुणे, गंजरोधक रसायन घालणे आणि गाळणी बसवणे या तिन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. स्वस्त अंदाजपत्रकात नेमकी हीच कलमे गळालेली असतात. पुढे बिघाड झाला आणि आत काळे पाणी निघाले, की उत्पादक हमी नाकारू शकतो. बॉयलरबरोबर मिळणाऱ्या 'बेंचमार्क' नोंदपत्रकात धुण्याची आणि रसायनाची नोंद करायची असते. पत्रक कोरे असेल, तर शेवटचा हप्ता देण्यापूर्वीच विचारलेले बरे.

गाळ आहे की केवळ प्रवाहाची वाटणी चुकली आहे, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. थंड रेडिएटर सोडून बाकी सर्व बंद करावेत. तो आता तापू लागला, तर वाट मोकळी आहे. पाणी सोपा रस्ता धरून जवळच्या रेडिएटरांतून परत फिरत होते, एवढेच. तरीही तापला नाही, तर अडथळा आहे. वाटणी जुळवण्यासाठी सगळ्या झडपा पूर्ण उघडून कोणता रेडिएटर आधी तापतो याचा क्रम लिहून घ्यावा. आधी तापणाऱ्यांच्या टोपीखालील झडपा थोड्या थोड्या आवळाव्यात, शेवटच्याची पूर्ण उघडी ठेवावी. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळांच्या तापमानात जुन्या बॉयलरसाठी सुमारे ११ अंशांचा फरक ठेवत. कंडेन्सिंग बॉयलरसाठी २० अंशांपर्यंत ठेवतात. एक रविवार जातो, पण पैसे लागत नाहीत.

घरमालकाने हात लावायचा तो येथपर्यंतच. बॉयलरचे बंद आवरण उघडण्याचे आणि गॅसचे काम नोंदणीकृत तंत्रज्ञाचेच. १ एप्रिल २००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ही नोंदणी 'कॉर्गी'ऐवजी 'गॅस सेफ रजिस्टर'कडे आहे. काम सदोष असेल, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ते पुन्हा करून मागता येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर स्वतः खटपट करण्याचे कारणच नाही. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमाने बहुतेक भाडेकरारांत हीटिंग दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. शिवाय इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, गॅस बॉयलर असलेल्या भाड्याच्या घरातील खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र लावणे त्याला बंधनकारक आहे. तक्रार लेखी करावी, रेडिएटर कोठे थंड आहे हे वर, खाली, मध्यभागी असे नेमके नोंदवावे आणि खोलीतील तापमापकाचे छायाचित्र वेळेसह जोडावे.