युरिक अॅसिड : दोन कोटी वर्षांपूर्वीचा एक बिघाड

हेल्थ चेकअपच्या रिपोर्टमध्ये युरिक अॅसिडसमोर ७.४ हा आकडा ठळक अक्षरात दिसला की घरात काय होते, ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून तूरडाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद! "माझे काय चुकले?" हा प्रश्न मला क्लिनिकमध्ये वारंवार विचारला जातो. त्याच्या उत्तराचा बराच मोठा भाग आपल्या जन्माच्या फार आधी घडून गेला आहे. आज तो इतिहास पाहू.

आजाराचा इतिहास

गाउटच्या गाठीतील खडूसारख्या पदार्थात सुईसारखे स्फटिक असतात, हे १६७९ मध्ये लेवेनहूकने सूक्ष्मदर्शकातून पाहिले. १७७६ मध्ये शीले या रसायनशास्त्रज्ञाने मूतखड्यातून युरिक अॅसिड वेगळे केले. १७९७ मध्ये वोलॅस्टनने गाउटच्या गाठीतही तेच असल्याचे दाखवले आणि १८४८ मध्ये लंडनच्या डॉ. आल्फ्रेड गॅरोड यांनी गाउटच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले असते हे सिद्ध केले.

पण एक कोडे राहिले. कुत्रा, डुक्कर, उंदीर यांच्या शरीरात युरिकेज नावाचे एन्झाइम असते. ते युरिक अॅसिडचे रूपांतर पाण्यात सहज विरघळणाऱ्या अॅलँटोइनकडे नेते. आपल्याकडे ते नाही. मग ते आपल्या पूर्वजांकडे होते का? असेल, तर गेले कधी? एन्झाइमचा जीवाश्म मिळत नाही. मग शोधायचे कसे?

पोथ्यांची वंशावळ

इथे पुण्यातले एक उदाहरण उपयोगी पडेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. मूळ पोथी कोणाकडेच नव्हती. डॉ. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या हस्तलिखितांची तुलना केली. चार पोथ्यांत नेमकी एकच चूक एकाच जागी असेल, तर चार लेखकांनी ती स्वतंत्रपणे केली असण्यापेक्षा चारही पोथ्या एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरवल्या असण्याची शक्यता जास्त. अशा तुलनेतून पोथ्यांची वंशावळ मांडता येते आणि हरवलेल्या मूळ पाठाचा अंदाज बांधता येतो.

जनुकांचेही तसेच आहे. आजच्या प्राण्यांची प्रथिने ताडून पाहिली तर त्यांच्या पूर्वजाचे प्रथिन कसे होते हे ठरवता येईल, अशी कल्पना झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी १९६३ मध्येच मांडली होती.

एकच आजार, दोन वेगळ्या चुका

आता युरिकेजकडे येऊ. बबून आणि ऱ्हीसस माकडांत हे एन्झाइम चालते. माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन या सर्व वानरांत ते बंद आहे. फक्त एवढे पाहिले तर निष्कर्ष सरळ वाटतो : या सर्वांच्या सामाईक पूर्वजात ते एकदाच बंद पडले असावे.

पण जनुकाची अक्षरे वाचल्यावर वेगळेच निघाले. १९९२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की माणूस, चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्या जनुकात ३३ व्या जागीच 'इथे थांबा' असा चुकीचा पूर्णविराम पडला आहे. तिघांत चूक एकच, म्हणजे ती सामाईक पूर्वजाकडून आली. गिबनमध्ये मात्र ती चूक नाहीच. तिथे दुसऱ्या ठिकाणची १३ अक्षरे गळाली आहेत. म्हणजे बिघाड दोनदा, स्वतंत्रपणे झाला. वरवरचे लक्षण सारखे दिसले म्हणून कारण एकच असेल असे नाही. आम्हा डॉक्टरांना हे रोजच शिकावे लागते!

मग दोनदा का मोडले? २०१४ मध्ये एरिक गाउचर यांच्या गटाने या वंशवृक्षावरून प्राचीन युरिकेजचे क्रम काढले आणि ती एन्झाइम्स प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवून तपासली. असे दिसले की जनुक पूर्ण बंद पडण्याच्या कितीतरी आधीपासून एन्झाइमची ताकद पिढ्यान्‌पिढ्या कमी होत आली होती. आधीच मंद झालेला दिवा विझला, तर फारसे बिघडत नाही. आपल्या शाखेत तो साधारण दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वी विझला असा अंदाज आहे.

त्याचा फायदा काय झाला? फळांतील फ्रुक्टोजपासून चरबी साठवायला युरिक अॅसिडची मदत झाली असावी आणि उपासमारीत ती उपयोगी पडली असावी, असे या संशोधकांना वाटते. पेशींवरील प्रयोगांचा त्याला काही आधार आहे, पण हे अजून गृहीतकच आहे. पूर्वजाकडे काय होते हे सांगणे आणि ते का गेले हे सांगणे, यातील दुसरे काम जास्त अवघड.

तुमच्यासाठी याचा अर्थ

या इतिहासातून औषधेही निघाली. डुकराच्या युरिकेजमध्ये बबूनचा थोडा भाग जोडून केलेले पेग्लोटिकेज २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या गंभीर गाउटसाठी ते वापरतात. जी-६-पीडी कमतरता असणाऱ्यांना मात्र ते देत नाहीत.

बाकीच्यांनी एवढे लक्षात ठेवावे :

- युरिक अॅसिड थोडे जास्त आहे, पण सांधेदुखी किंवा मूतखडा नाही, तर बहुतेकांना औषध लागत नाही.
- डाळी आणि पालक यांनी गाउटचा धोका वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. त्या बंद करू नका.
- बिअर व इतर मद्य, कलेजी आणि साखरेची शीतपेये कमी करा. वजन आटोक्यात ठेवा.
- गाउटचे निदान झाले असेल तर गोळ्या मनाने बंद करू नका. नुसत्या पथ्याने युरिक अॅसिड फार उतरत नाही.

तेव्हा रिपोर्टमधील आकडा पाहून स्वतःला दोष देऊ नका. युरिक अॅसिड पुढे नेणारे यंत्रच आपल्याला वारशात बंद अवस्थेत मिळाले आहे. खाण्यापिण्याची काळजी घ्या आणि गरज असेल तेव्हा औषध संकोच न करता घ्या.