मॉनिटरची पाटी आणि प्रोजेक्टचे मार्क

चार जणांचा प्रोजेक्ट. एक जण बोरिवलीहून लोकलने ग्रँट रोड गाठतो, लॅमिंग्टन रोडवरून सेन्सर आणतो, रात्र जागून सर्किट चालू करतो. दुसरी रिपोर्ट लिहिते. तिसरा परीक्षकांसमोर छान बोलतो. चौथ्याचं फक्त पहिल्या पानावर नाव असतं. मार्क चौघांना सारखेच! हे तुम्ही पाहिलं असेलच. कदाचित तो चौथा तुम्हीच असाल.

मग कोणी किती काम केलं, हे सोबत्यांनाच विचारलं तर? यालाच पीअर असेसमेंट म्हणतात. कल्पना नवी वाटते खरी, पण शाळेत ‘वह्या बदला आणि तपासा’ हे आपण केलेलंच आहे.

मुलांनी मुलांना तपासण्याचा इतिहास त्याहून जुना. १७८९ साली अँड्र्यू बेल मद्रासच्या एका अनाथाश्रमात आला. तिथल्या स्थानिक शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि आपल्याकडे मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घ्यायला सुरुवात केली. पुढे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने अशाच पद्धतीची शाळा चालवली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही रीत मुंबईतल्या शाळांतही आली. शिक्षक थोडे, मुलं फार. म्हणून मॉनिटरच शिकवायचा आणि पाटीही तपासायचा. पद्धत गेली, ‘मॉनिटर’ हा शब्द आपल्या वर्गात राहिला. पण त्याचा अधिकार गुरुजींनी दिलेला असे. तो इतरांना तपासायचा, इतर त्याला नाही.

गटाच्या प्रोजेक्टमध्ये मात्र सगळे सगळ्यांना तपासतात. १९९० मध्ये जुडी गोल्डफिंच आणि रॉबर्ट रेसाइड यांनी गटाच्या मार्कांवरून प्रत्येकाचे मार्क काढायची एक रीत मांडली. या प्रकारचं सोपं गणित असं: गटाला २५ पैकी २० मिळाले. सोबत्यांनी दिलेली सरासरी गुणांकनं ५, ४, ४, ३. त्यांची सरासरी ४. पाचवाल्याला २० च्या पाच-चतुर्थांश, म्हणजे २५. तीनवाल्याला १५.

गणित सोपं आहे, माणसं नाहीत. दोस्तीत सगळेच सगळ्यांना पाच देतात, मग मार्क पुन्हा सारखेच. कधी जुनं भांडण आकड्यात उतरतं. म्हणून गुणांकन गुप्त हवं आणि ‘वेळेवर आला का, ठरलेलं काम पूर्ण केलं का’ असे नेमके प्रश्न हवेत.

आणि ते फक्त शेवटी नको. शेवटी विचारलं तर मार्क वाटले जातात, एवढंच. अर्ध्यावर विचारलं तर चौथ्याला सुधारायला वेळ मिळतो, आणि सर्किटवाल्याला एकट्याने रात्र जागावी लागत नाही.