बिऱ्हाड आणि शाळेचें दार

बिऱ्हाड हलविणें ही आपल्या घरांना अपरिचित गोष्ट नाहीं. बदली होते, धंदा पालटतो, सामानाची बांधाबांध होते. आणि नव्या गांवीं चूल पेटते न पेटते तोंच मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहतो. त्यांतून मनांत भरलेली शाळा नांवाजलेली व खासगी असली, तर आईबापांची झोपच उडते. ही चिंता आजची वाटते खरी. पण तिची मुळें दीडशें वर्षांहून अधिक जुनीं आहेत.

१८५४ सालच्या वुडच्या खलित्यानें खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचें तत्त्व मांडलें. शाळा लोकांनीं चालवावी आणि सरकारनें तिला हात द्यावा, अशी ही वांटणी होती. पण लोकांनीं म्हणजे कोणीं, आणि शाळा कोणासाठीं, हा प्रश्न लौकरच पुढें आला. जून १८५६ मध्यें धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्याची मागणी न्यायाची आहे, हें मुंबई सरकारनें कबूल केलें. परंतु एका मुलापायीं शाळाच मोडेल, या भीतीनें दार लावूनच ठेविलें. पुढें १८५८ सालीं सरकारनें आपलें धोरण जाहीर केलें. केवळ सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्वांस खुल्या राहतील. मात्र जेथें खर्चाचा वांटा लोक उचलतात आणि त्यांची हरकत आहे, तेथें अशीं मुलें घालण्याचा सरकारचा विचार नाहीं. अशा शाळेचें अनुदान बंद करण्याचा हक्क तेवढा सरकारनें राखून ठेविला. ज्याचा पैसा त्याचें दार, हा भेद तेव्हां कागदावर आला. तो ध्यानांत ठेवावा; पुढें त्याची गांठ पुन्हां पडणार आहे.

खासगी शाळेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज निघालें. येथें खासगी या शब्दाचा अर्थ स्वावलंबन असा होता. अशा संस्थांच्या लौकिकामुळें परगांवचीं मुलें पुण्यास येऊन, कोणी नातलगांकडे राहून, कोणी वार लावून शिकूं लागलीं.

पण ज्यांना वार लावून जेवूं घालणारें घरच नव्हतें, त्यांचें काय? सुभेदार रामजी सकपाळ यांचें बिऱ्हाड महूहून दापोलीस आणि तेथून सातारला आलें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं तेथील सरकारी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हें नांव चढलें. पुढें कुटुंब मुंबईस गेलें, आणि एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव १९०७ सालीं मॅट्रिक झाले. सातारचें काय किंवा एल्फिन्स्टन काय, विद्यालय सरकारीच होतें. सातारच्या वर्गांत त्यांना वेगळें बसावें लागलें. पण निदान उंबरठा तरी ओलांडतां आला.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. महाराष्ट्रानें १९८७ सालीं प्रवेशासाठीं देणगी उकळण्यास बंदी केली. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानें मुलाची वा पालकांची निवड-परीक्षा घेण्यास मनाई केली आणि खासगी विनाअनुदानित शाळांतही २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठीं ठेविल्या. सरकारी वा अनुदानित शाळा जवळ असल्यास खासगी शाळांना यांतून सूट देणारा नियम महाराष्ट्रानें फेब्रुवारी २०२४ मध्यें केला. मुंबई उच्च न्यायालयानें तो त्याच वर्षीं जुलैंत रद्द ठरविला.

तथापि याच कायद्याचें पांचवें कलम पाहा. मूल कोणत्याही कारणानें दुसऱ्या गांवीं, परराज्यांत सुद्धां, गेलें तर त्याला शाळा बदलण्याचा हक्क आहे. दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडवितां येत नाहीं. मात्र या हक्कांतून विनाअनुदानित खासगी शाळा वगळल्या आहेत. पंचवीस टक्क्यांची सोयही प्रवेशाच्या पहिल्या वर्गापुरतीच. चौथींतलें मूल घेऊन आलेल्या गरीब पालकास ती शाळा बाहेरूनच पाहावी लागते. १८५८ चा भेद जातीचें नांव टाकून येथें पुन्हां उभा आहे.

याची झळ कोणास लागते, तें खापरसारख्या गांवीं दिसतें. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, गुजरातच्या सीमेनजीक हें गांव आहे. या भागांतील अनेक आदिवासी कुटुंबें ऊसतोडीच्या हंगामांत गुजरातेंत उतरतात. आपलें बिऱ्हाड आयुष्यांत चार वेळां हलतें, त्यांचें दरवर्षीं. आदिवासी विकास विभाग शहरांतील नामांकित निवासी इंग्रजी शाळांत मुलांना आपल्या खर्चानें पाठवितो. या तालुक्याचें प्रकल्प कार्यालय तळोद्यास आहे. योजना मोलाची खरी. पण तींत घर जागींच राहतें आणि सहासात वर्षांचें पोर एकटें बिऱ्हाड हलवितें.

वरच्या वर्गांत रिकाम्या होणाऱ्या जागांचा कांहीं वांटा स्थलांतरित मुलांसाठीं कायद्यानें राखावा, एवढी दुरुस्ती अवघड नाहीं. आपल्या मुलाच्या प्रवेशासाठीं खेटे घालणाऱ्या सुशिक्षित पालकांनींच ही मागणी पुढें न्यावी. बंद दारापुढें उभें राहणें काय असतें, हें त्यांना ठाऊक आहे.