आवर्त प्रवाह डायनॅमोमीटर

आवर्त प्रवाह डायनॅमोमीटर हे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला चुंबकीय रोध करून त्याचे आघूर्ण, म्हणजेच टॉर्क, मोजणारे उपकरण आहे. वाहन उद्योगाचे केंद्र असलेल्या पुण्यात इंजिनांच्या चाचणीसाठी ते वापरले जाते.

तत्त्व

धातू आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यात सापेक्ष गती असली की धातूत भोवऱ्यांसारखे बंद विद्युत प्रवाह निर्माण होतात. त्यांना आवर्त प्रवाह किंवा एडी करंट म्हणतात. लेंझच्या नियमानुसार हे प्रवाह आपल्याला जन्म देणाऱ्या गतीलाच विरोध करतात. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवण्यास जास्त बल लागते आणि चकती तापते, हे लेआँ फूको यांनी १८५५ मध्ये दाखवले. कमी वेगाला रोध वेगाच्या समप्रमाणात वाढतो. क्षेत्र दुप्पट केल्यास तो चौपट होतो. एका मर्यादेनंतर मात्र या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र मूळ क्षेत्राला धातूबाहेर लोटू लागते आणि रोध घटतो. गती शून्य असेल तर रोधही शून्य, त्यामुळे थांबलेला दांडा हे उपकरण धरून ठेवू शकत नाही.

रचना

जलशीतित प्रकारात इंजिनाला जोडलेले पोलादी दातेरी चक्र फिरते. स्थिर वेटोळ्याने निर्माण केलेले क्षेत्र दात्यांमुळे कवचातील प्लेटांमध्ये सतत कमीजास्त होते. म्हणजे येथे वाहक स्थिर असतो आणि क्षेत्र फिरते. कवच बेअरिंगवर मोकळे बसवलेले असते. चक्रामागे ओढल्या जाणाऱ्या कवचाला भुजेच्या टोकाशी लोड सेल अडवतो. त्यावरील बलाला भुजेच्या लांबीने गुणले की आघूर्ण मिळते.

खरी अडचण उष्णतेची असते. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर १०० न्यूटन-मीटर आघूर्ण देणाऱ्या इंजिनाची शक्ती सुमारे ४२ किलोवॅट होते, आणि ती सर्व प्लेटांत उष्णता बनते. पाणी १० अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापू द्यायचे नसेल, तर मिनिटाला सुमारे ६० लिटर पाणी खेळते ठेवावे लागते. पाणी अडले तर प्लेटा अतितप्त होऊन वाकतात.

पुण्यातील वापर

१९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही वेताळ टेकडीवरील संस्था केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वाहनांची चाचणी घेणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक आहे. इंजिनाची प्रमाणित शक्ती डायनॅमोमीटरवरील आघूर्ण आणि वेग यांवरूनच काढली जाते. म्हणून लोड सेल ज्ञात वजने टांगून पडताळावा लागतो.

हे उपकरण शक्ती केवळ शोषते, इंजिनाला फिरवू शकत नाही. भारत स्टेज ६ मानकांतील जड वाहनांच्या बदलत्या भाराच्या चाचणीत मात्र काही क्षण इंजिन बाहेरून फिरवावे लागते. त्यासाठी मोटारीप्रमाणेही चालणारे एसी डायनॅमोमीटर वापरतात.