एसीएम : परवाना न देणारी, पण वळण लावणारी संस्था

डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला मात्र असलं काहीच लागत नाही. मग या पेशातलं बरं-वाईट ठरवायचं कुणी? ‘असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी’ म्हणजेच एसीएम हे काम अनेक वर्षं करत आली आहे.

१५ सप्टेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तिची स्थापना झाली. तेव्हा संगणक खोलीएवढे आणि बोटांवर मोजण्याइतकेच होते. नावातली ‘मशिनरी’ ही त्या काळची खूण. १९६६ पासून संस्था ट्युरिंग पुरस्कार देते. १९९४चा पुरस्कार आंध्रात जन्मलेले राज रेड्डी यांना विभागून मिळाला. १९६८ मध्ये तिने संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाची शिफारस केली आणि या विषयाला स्वतंत्र शाखा म्हणून उभं राहायला बळ मिळालं.

संस्थेची आचारसंहिता २०१८ मध्ये नव्याने लिहिली गेली. लोकहित सर्वांत आधी, हे तिचं सूत्र. ती मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, नोकरी किंवा धंदा नाही. संस्थेचा धाक इथेच संपतो. पुढचं ज्याच्या-त्याच्या विवेकावर.

विद्यार्थ्यांच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. १९५१ ते २००० या काळात संस्थेने छापलेले शोधनिबंध २०२२ पासून सर्वांना मोफत वाचता येतात. बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर. त्यासाठी सदस्य व्हावं लागत नाही. भारतातलं संस्थेचं काम पुण्याहून चालतं.