अणुभट्टी बंद करायचीय? आधी खरेदीचा करार वाचा

समजा, महाड एमआयडीसीतला एखादा केमिकल कारखाना कायमचा बंद झाला. टाक्या काढायला आलेला कंत्राटदार आधी विचारणार, "यात काय होतं?" उत्तर जुन्या खरेदीच्या फायलीत सापडतं. अणुभट्टीचंही तसंच, फक्त तिच्या फायलीत परदेशी सरकारंही असतात.

तुर्भ्याची 'अप्सरा' बघा. ती ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. भट्टी आपल्या लोकांनी बांधली, पण समृद्ध युरेनियम ब्रिटनने दिलं. पुढे इंधनाचा गाभा फ्रान्सकडून घेतला. २००६ मध्ये अमेरिकेशी अणुकराराची बोलणी चालली होती, तेव्हा भारताने हा गाभा भाभा केंद्राबाहेर हलवून आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवायची तयारी दाखवली. २००९ मध्ये अप्सरा बंद झाली. म्हणजे इंधन कुठे जाणार हे ठरवताना ते कुणाकडून घेतलं, हेही बघावं लागलं.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या (१९६९) जनरल इलेक्ट्रिकच्या; इंधन १९६३ च्या करारानुसार अमेरिकेचं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर पुरवठ्यावरून तंटा झाला, नंतर फ्रान्सने इंधन दिलं. पण वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायला अमेरिकेची संमती हवी का, हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि ते तारापूरलाच साठत राहिलं.

म्हणून या विषयावर संशोधन करणार असाल, तर शेवटापासून सुरुवात करू नका. कुणी, काय, कोणत्या अटीवर दिलं, याचा तक्ता आधी करा. पाडकामाचं नियोजन खरं तिथूनच सुरू होतं.